वाड्यातील जुनी बंदूक : वय कसे ओळखावे, मोल कसे ठरवावे

जुन्या वस्तूंविषयीच्या या सदरात या वेळी धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली बंदुकांविषयीची पत्रे एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत, कारण कोणाच्या घरात कोणते शस्त्र आहे हे चारचौघांत सांगण्यासारखे नसते. जागेअभावी पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न (चोपडा तालुका) : आमचे धाब्याचे जुने घर उतरवताना माळ्यावरच्या सागवानी तुळईला बांधलेली एक लांब बंदूक निघाली. घोड्याच्या मागे लोखंडी पट्टीवर मुकुट असून त्याखाली ‘व्ही. आर.’ ही इंग्रजी अक्षरे आहेत, तर घोड्याच्या पुढे ‘१८५९’ आणि ‘टॉवर’ असे कोरलेले आहे. ही सत्तावनच्या बंडातली बंदूक असून बंडातले भिल्ल पुढारी खाज्या नाईक यांच्या माणसांकडून आमच्या पणजोबांकडे आली, असे घरात पूर्वापार सांगितले जाते. परगावच्या एका व्यापाऱ्याने नुसते फोटो पाहून चांगली मोठी रक्कम देऊ केली आहे. तिचे वय किती, किंमत किती आणि ती विकावी का, हे कृपया सांगावे.

उत्तर : वयाच्या आधी एक काळजीची गोष्ट सांगतो. ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही, आणि नळीत कोरडी राहिलेली काळी दारू शंभर-दीडशे वर्षांनीही पेट घेऊ शकते. म्हणून घोडा अजिबात न उचलता, नळीचे तोंड माणसांपासून दूर ठेवून, एक बारीक लाकडी काठी बाजूला उभे राहून अलगद आत सोडावी, ती टेकली की तोंडाशी खूण करावी आणि तीच काठी नळीच्या बाहेरून धरून पाहावी. दारू पेटवणारी छोटी धातूची टोपी बसते त्या पोकळ खुंटीपर्यंत, म्हणजे निपलपर्यंत, काठीचे टोक पोहोचत असेल तर नळी रिकामी आहे असे समजण्यास हरकत नाही. ते दोन-चार बोटे अलीकडेच थांबत असेल, तर आत बार किंवा निदान काही अडकलेले आहे. मग तिला हात न लावता पोलीस ठाण्याला कळवावे आणि बार काढण्याचे काम परवानाधारक कारागिरावर सोडावे.

आता ओळखीकडे वळू. आपले वर्णन १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्डशी जुळते. या बंदुकीची नळी ३९ इंचांची असते, ती तीन लोखंडी कड्यांनी लाकडाला बांधलेली असते आणि एकूण लांबी साडेचार फुटांहून किंचित अधिक भरते. चापाभोवतीची कमान आणि कुंद्याच्या टोकाची पट्टी पितळी असते. मूळ रायफलच्या नळीचे आतील माप .५७७ इंच, म्हणजे सुमारे १४.७ मिलिमीटर असून आत तीन सर्पिल खाचा असतात. विजेरीचा झोत तिरपा धरला की तोंडाजवळ त्या सहज दिसतात.

आपल्याला तेथे खाचा दिसल्या नाहीत, तर निराश होऊ नये, कारण खरी गंमत पुढेच आहे. १८५७ नंतर कंपनीच्या, आणि लवकरच राणीच्या, सरकारने हिंदी पलटणींच्या हाती रायफल द्यायची नाही असे धोरण ठेवले. त्यामुळे दिसायला हुबेहूब एनफिल्डसारखी, पण गुळगुळीत नळीची बंदूक हिंदी शिपायांसाठी तयार झाली. तिच्या नळीचे माप सुमारे .६५६ इंच, म्हणजे साडेसोळा मिलिमीटरच्या थोडे वर असते, आणि अंतराप्रमाणे वर-खाली करता येणाऱ्या नेमपट्टीऐवजी तिच्यावर एक साधा स्थिर ठोकळा असतो. दूरवर अचूक नेम लागू नये, हाच हेतू. आपल्याकडे गुळगुळीत नळी आणि स्थिर ठोकळा अशी जोडी असेल, तर ती या वर्गातली. नळी गुळगुळीत पण वरची नेमपट्टी मात्र आकडे कोरलेली आणि हलणारी असेल, तर मूळ रायफलच नंतर कोणीतरी आतून कातून छऱ्यांसाठी मोठी केली आहे असे समजावे. पिकांच्या राखणीसाठी असे उद्योग आपल्या भागात पुष्कळ झाले असून त्याने मोल बरेच उतरते.

‘टॉवर’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. लंडनच्या किल्ल्यात बंदूक घडली असा त्याचा अर्थ नाही. नळ्या, कळा (घोडा आणि त्याची यंत्रणा) आणि कमानी बर्मिंगहॅमच्या खासगी कारागिरांकडून घडवून घेत आणि सरकारी तपासनिसांनी त्या पारखून घेतल्या की हा शब्द पट्टीवर येई. मुकुटाखाली ‘व्ही. आर.’, म्हणजे राणी व्हिक्टोरियाची अक्षरे, असणे हे सरकारी मालाचे लक्षण आहे. नुसता मुकुट असून अक्षरे नसतील, तर ती बहुधा व्यापारासाठी बनवलेली बंदूक असते. आणि पट्टीवरचे साल हे त्या पट्टीचे साल असते, एवढे पक्के लक्षात ठेवावे. शस्त्रागारात दुरुस्तीच्या वेळी एका बंदुकीची कळ दुसरीला बसवणे नित्याचे होते. म्हणून नळीच्या बुडाशी डाव्या अंगाला असलेले चाचणीचे ठसे, लाकडाच्या कुंद्याच्या उजव्या बाजूचा गोल शिक्का आणि कुंद्याच्या पितळी पट्टीचा वर वळलेला भाग या तिन्ही ठिकाणी काय आहे, ते पट्टीवरच्या सालाशी ताडून पाहावे. त्या वळलेल्या पितळेवर काही वेळा पलटणीची अक्षरे आणि शस्त्राचा क्रमांक ठोकलेला असतो. खानदेशात १८२५ पासून जेम्स औट्रमने उभी केलेली भिल्ल पलटण होती आणि तिचे ठाणे धरणगावला होते. तिच्याशी किंवा दुसऱ्या एखाद्या पलटणीशी बंदुकीचा निश्चित संबंध जोडणारी खूण अथवा कागद मिळाला, तर तो एकटा पुरावा बाकी साऱ्या सौंदर्यापेक्षा जास्त मोलाचा ठरेल.

घरच्या आठवणीबद्दल मला आदराने, पण स्पष्ट लिहावे लागेल. खाज्या नाईकांच्या लोकांची आणि इंग्रजांची आंबापाणीची लढाई १८५८ च्या एप्रिलमध्ये झाली. १८५९ चे साल असलेली कळ त्या लढाईत असणे शक्य नाही. पट्टी नंतर बदलली गेली असेल, असे म्हणायला वाव राहतो. पण तसे सिद्ध करायचे तर नळीवरचे ठसे आधीचे निघायला हवेत. शंका असताना कथा छापून बंदूक विकणे म्हणजे ग्राहकाची आणि पूर्वजांचीही फसवणूक होय. कथा जशी ऐकली तशी, कोणाकडून ऐकली त्यांच्या वयासह, वेगळ्या कागदावर उतरवून ठेवावी. तिचे मोल वेगळे आहे आणि ते बंदुकीच्या किमतीत मिसळू नये.

किमतीचा आकडा मी देणार नाही, आणि फोटोवरून आकडा देणाऱ्यावर आपणही विश्वास ठेवू नये. परदेशी लिलावांतले भाव येथे लावता येत नाहीत, कारण तो बाजारच आपल्याला उपलब्ध नाही. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू देशाबाहेर नेण्यास खासगी व्यक्तीला बंदी आहे, आणि पुरावस्तूंची खरेदी-विक्री हा धंदा म्हणून करायला परवाना लागतो. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ आहेच. त्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य नमुन्याच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे, पण त्याला एक शेपूट आहे : ते शस्त्र दुरुस्त करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. आपली नळी शाबूत आणि कळ चालती असेल, तर ‘ती जुनी आहे’ एवढे म्हणून भागणार नाही, आणि ही सूट लागू आहे की नाही हे आपण किंवा मी ठरवायचे नाही. बंदूक सापडल्याची माहिती लेखी स्वरूपात नजीकच्या पोलीस ठाण्याला आणि जिल्हादंडाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेला द्यावी. अर्जाची पोच घ्यावी, आणि बंदूक मोटारसायकलला बांधून तालुक्याच्या गावी नेण्याचे धाडस करू नये. त्या व्यापाऱ्याला तूर्त नकार कळवावा हे बरे.

माझे वैयक्तिक मत विचाराल, तर नळी खरोखरच मूळची गुळगुळीत निघाली तर मला अधिक आनंद होईल. नेमबाजांना खाचांची रायफल प्रिय असते हे खरे, पण सत्तावननंतर सरकारचा आपल्या शिपायांवर किती विश्वास उरला होता, हे त्या साध्या ठोकळ्याइतके उघडपणे सांगणारी दुसरी वस्तू खानदेशातल्या एखाद्या घरात सहसा मिळणार नाही.

प्रश्न (पारोळा) : आमच्याकडील ठासणीच्या बंदुकीच्या पट्टीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला, हातात मुकुट धरलेला छोटा सिंह आहे. साल नाही. हे कोणत्या संस्थानाचे चिन्ह आहे?

उत्तर : संस्थानाचे नव्हे, ते ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह आहे. सुमारे १८०८ पर्यंत कंपनी आपल्या बंदुकांवर चार भाग पाडलेले बदामाच्या आकाराचे चिन्ह उमटवीत असे आणि त्यात कंपनीची आद्याक्षरे असत. त्यानंतर हा सिंह आला. १८५८ मध्ये कंपनीचे राज्यच संपले. त्यामुळे साल नसतानाही आपल्याला पन्नास वर्षांची चौकट मिळते, ही काही थोडी गोष्ट नव्हे. ती आणखी आवळायची असेल, तर बंदूक मुळात चकमकीची, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणारी, होती की टोपीची, हे पाहावे. पट्टीच्या वरच्या कडेजवळ बुजवलेली छिद्रे, किंवा आजूबाजूच्या लोखंडाहून किंचित वेगळ्या रंगाचे गोल ठिपके दिसले, तर तेथे पूर्वी रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या बारीक दारूची, वाटी आणि चकमकीचा पोलादी तुकडा बसवलेला होता. ब्रिटिश लष्कराने टोपीची पद्धत १८४० च्या आसपास स्वीकारली आणि पुष्कळ जुन्या बंदुका तशा बदलून घेतल्या. लष्करी शस्त्रागारात नीट बदललेल्या बंदुकीला संग्राहक नाके मुरडत नाहीत. गावच्या लोहाराने केलेल्या बदलाला मात्र ते भाव कमी देतात.

प्रश्न (धडगाव) : एका नाईक घराण्याकडे एक खूप लांब, हलकी, तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटवायची, बंदूक आहे. नळी पितळी तारेच्या वेढ्यांनी लाकडाला बांधलेली आहे आणि नळीवर ‘संवत १८७५’ असे कोरले आहे. काही जण ती शिवकाळातली आहे असे म्हणतात. खरे काय मानावे?

उत्तर : विक्रम संवतातून ५७ वजा केले की इसवी सन निघतो, काही महिन्यांसाठी ५६, म्हणजे संवत १८७५ हे १८१८ चे साल. शके असते तर ७८ मिळवावे लागले असते, म्हणून शके १७४० हेही तेच साल. हिजरी साल असेल तर असा सरळ हिशेब चालत नाही, कारण ते वर्ष चांद्र आणि छोटे असते. कोष्टक पाहावे लागते. शिवकाळाशी नळीवरच्या या कोरीव सालाचा संबंध नाही, पण १८१८ हे साल खानदेशच्या दृष्टीने काही कमी नाही. त्याच वर्षी होळकरांचा मुलूख कंपनीकडे गेला, थाळनेरचा किल्ला पडला आणि मालेगावात अरब शिबंदीने इंग्रजांना आठवडेच्या आठवडे झुंजवले.

तरीही कोरलेल्या सालावर डोळे मिटून विसंबू नये. साधे भिंग घेऊन अक्षरांच्या कडा पाहाव्यात. अक्षरे जुनी असतील तर त्यांच्या कडा आजूबाजूच्या लोखंडाइतक्याच झिजलेल्या, गोलसर आणि बोटाला न बोचणाऱ्या असतात, आणि खोलगट भागातही तोच तपकिरी-काळा थर चढलेला असतो. गंजाने पडलेला एखादा खड्डा अक्षराला अर्धवट खाऊन गेला असेल तर उत्तमच, कारण अक्षर गंजाच्या आधीचे ठरते. उलट गंजाचा खड्डा कापत अक्षराची रेघ पुढे गेली असेल, किंवा खाचेच्या तळाशी चकचकीत पांढरे लोखंड दिसत असेल, तर साल कोणीतरी अलीकडे कोरलेले आहे.

तोड्याच्या बंदुकीचे वय नुसत्या घडणीवरून सांगणे अवघड असते. युरोपात तोडा मागे पडला त्यानंतरही कित्येक पिढ्या आपल्याकडे तो चालू राहिला, आणि त्याला कारण होते. या बंदुकीत मोडण्यासारखे फारसे काही नाही, गावचा लोहार ती दुरुस्त करू शकतो, चकमकीचा दगड किंवा विलायती टोपी लागत नाही, आणि जामगी, म्हणजे ती जळती वात, सुताची वळता येते. सातपुड्यात ती एकोणिसाव्या शतकात खोलवर टिकली. दुसरे असे की चांगली नळी घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालते, लाकूड मात्र उन्हाने तडकते आणि वाळवी लागून जाते. म्हणून नळी एका काळातली आणि दस्ता दुसऱ्या काळातला, हा प्रकार अपवाद नसून नियम आहे. नळीच्या बुडाशी असलेला कान, म्हणजे रंजकाची आग आत जाण्याचे छिद्र, किती रुंदावले आहे ते पाहावे. वारंवार बार उडवल्याने ते झिजून मोठे होते आणि नंतर कधी कधी तेथे नवा तुकडा बसवलेला दिसतो. बंदूक शोभेची होती की राबलेली, हे त्यावरून कळते.

नळीवर बारीक ठिपक्यांनी उमटवलेले आकडे किंवा नावे आढळली, तर ती पुसट असली तरी खरवडू नयेत, कारण संस्थानांच्या शस्त्रागारांची नोंद अशीच ठेवीत. बिकानेरच्या अनूपसिंहांनी १६८९ च्या आदोनी मोहिमेतून आणलेली शस्त्रे अशा ठिपक्यांच्या देवनागरी लेखांवरूनच आज जगभरच्या संग्रहालयांत ओळखली जातात. लेख वाचवून घ्यायचा असेल तर धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुन्या लिपीचे वाचन कोण करतात, याची चौकशी करावी. बंदूक न नेता, कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा आणि फोटो नेले तरी पुरते. आणि हो, तोड्याच्या बंदुकीलाही शस्त्र अधिनियम लागू आहे. कलम ४५ विषयी वर लिहिले तेच येथे लागू समजावे.

प्रश्न (रावेर) : पणजोबांची दुनळी आहे आणि तिचा परवाना चालू आहे. नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते, वर कलकत्त्याच्या दुकानाचे नाव आहे आणि खाली लंबगोलात ‘ई. एल. जी.’ अशी अक्षरे आहेत. ही इंग्लिश बंदूक आहे ना? केळीच्या बागेत रानडुकरे येतात, म्हणून पुतण्या हल्लीची काडतुसे घालून वापरू म्हणतो.

उत्तर : शेवटून सुरुवात करतो. पुतण्याला थांबवावे. ती नक्षी म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, ठोकून जोडल्याची खूण आहे, आणि अशा नळ्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेल्या असतात. पट्ट्यांच्या सांध्यांत आतून लागलेला गंज बाहेरून दिसत नाही. आजच्या काडतुसाने नळी फुटली तर ती नेमकी डाव्या हाताच्या बोटांखाली फुटते. रानडुकराचा प्रश्नही वेगळा आहे. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही, मग शस्त्राचा परवाना कितीही चोख असो.

बंदूक इंग्लिश नसून बेल्जियमची आहे. लंबगोलातली ती अक्षरे लिएज शहराच्या चाचणीगृहाची आहेत. लंबगोलावर मुकुट असेल तर चाचणी १८९३ नंतरची, नसेल तर त्याआधीची. कलकत्त्याचे नाव हे विकणाऱ्याचे. मॅन्टन किंवा रॉडा यांच्यासारखी तेथील दुकाने विलायती आणि बेल्जियन माल आपल्या नावाने विकत. नावाबरोबर पत्ता कोरलेला असेल तर तो जपून उतरवून घ्यावा, कारण दुकानांच्या जागा बदलत गेल्या आणि पत्त्यावरून विक्रीचा काळ बऱ्यापैकी आवळता येतो. नक्षी खरी आहे का, हेही पाहून ठेवावे. स्वस्त नळ्यांवर ती नुसती रंगवून किंवा आम्लाने उमटवून देत, आणि अशी नक्षी पुढचे लाकूड काढल्यावर नळ्यांच्या पोटाशी अचानक संपते.

इतर वाचकांसाठी थोडे अधिक. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. फुलीसारखे दोन राजदंड, वर मुकुट आणि ‘बी. सी. पी.’ ही अक्षरे असतील, तर नळी १९०४ च्या आधीची. त्यानंतर मुकुटाखाली ‘बी. पी.’ आणि ‘बी. व्ही.’ हे ठसे येतात, आणि ‘एन. पी.’ हा धूररहित दारूच्या चाचणीचा असतो. नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ असे शब्द असतील, तर तोंडाशी आवळलेली ती नळी १८७५ ते १८८७ या काळातली समजावी. १२ हा आकडा बोअरचा असतो; एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास, सुमारे .७२९ इंच, तो १२ बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते.

मोलाबद्दल एवढेच की बेल्जियन दुनळ्या विपुल आल्या आणि विपुल उरल्या आहेत, त्यामुळे आपल्या घराबाहेर तिला फार मागणी नसेल. हेच काम पर्डी, हॉलंड अँड हॉलंड किंवा वेस्टली रिचर्ड्स यांच्यापैकी कोणाचे असते, आणि त्यातही खाचा असलेल्या दोन नळ्यांची शिकारी रायफल असती, तर गोष्ट निराळी झाली असती. या घराण्यांच्या जुन्या नोंदवह्या टिकून आहेत आणि क्रमांक कळवला तर बंदूक कोणत्या साली, कोणासाठी बनली हे समजू शकते. मूळ लाकडी पेटी, तिच्यातले लेबल आणि साफसफाईची हत्यारे सोबत असतील तर ती कधीही वेगळी विकू नयेत.

प्रश्न (शिरपूर) : सातपुड्यापलीकडील एका गृहस्थांकडे मार्टिनी-हेन्री रायफल आहे. उजव्या बाजूला मुकुट, ‘व्ही. आर.’, एनफिल्ड आणि १९०८ असे आहे. अस्सल आहे, म्हणून ते मोठी किंमत सांगतात. घ्यावी का?

उत्तर : राणी व्हिक्टोरिया १९०१ च्या जानेवारीत निवर्तली. १९०८ मध्ये सरकारी कारखाना तिची अक्षरे उमटवील हे संभवत नाही. त्या साली गादीवर सातवा एडवर्ड होता. मार्टिनी-हेन्री ब्रिटिश लष्करात १८७१ मध्ये आली, आणि १८८८ च्या ली-मेटफर्डपासून तिची जागा दुसऱ्या रायफलींनी घेतली. वायव्य सरहद्दीवरच्या कारागिरांनी, विशेषतः दर्रा आदम खेलच्या परिसरात, हाताने घडवलेल्या नकलांवर अशी विसंगत साले हमखास दिसतात, कारण कारागीर अक्षरे वाचत नसे, चित्र म्हणून उतरवीत असे. ‘एनफिल्ड’मधले इंग्रजी ‘एन’ हे अक्षर उलटे आहे का, ओळी तिरप्या आहेत का, ठसा एका घावाचा न दिसता छिन्नीने रेघ-रेघ कोरलेला दिसतो का, ते पाहावे. नळीत खऱ्या मार्टिनीच्या सात खाचा असतात. नक्कल हीसुद्धा संग्राहकाच्या आवडीची वस्तू असू शकते, पण नकलेच्या भावाने. अस्सल मार्टिनीचाही भाव ठरवताना हे लक्षात घ्यावे की २००३ च्या सुमारास नेपाळच्या लष्करी कोठारातून निघालेल्या हजारो जुन्या बंदुका अमेरिकेच्या बाजारात गेल्या, आणि तेथे ही रायफल पूर्वीइतकी दुर्मीळ राहिली नाही. विकणाऱ्याकडे परवाना आणि हस्तांतराची परवानगी नसेल, तर मात्र अस्सल-नकलीचा विचार करण्याचेही कारण नाही.

प्रश्न (अमळनेर) : वडील नुकतेच वारले. कपाटामागे एक रायफल मिळाली; बोल्टजवळच्या कड्यावर मुकुट, ‘जी. आर. आय.’, ईशापूर आणि १९१८ असे आहे. शंभर वर्षे झाली, म्हणजे ती पुरावस्तू म्हणून ठेवता येईल का?

उत्तर : नाही, निदान आपल्या निर्णयाने तरी नाही. ही बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात बनलेली .३०३ ची ली-एनफिल्ड आहे, आणि लष्करी काडतूस चालणाऱ्या या मापाच्या रायफली निषिद्ध वर्गात मोडतात. पोलिसांसाठी याच रायफलीची नळी मोठी करून, एका वेळी एकच गोळी घेणारी .४१० ची मस्कट ईशापूरला बनवली गेली होती. आपली तशी निघाली तरी वर्ग तोच. परवानाधारक वारल्यावर वारसाने विनाविलंब शस्त्र नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम २१ सांगते. वडिलांच्या कागदांत परवाना सापडला नाही तर एखाद्या वकिलाला बरोबर घेऊन आधी लेखी कळवावे. जमा करताना पावतीवर क्रमांक, साल, सर्व ठसे आणि लाकडाची अवस्था लिहवून घ्यावी, फोटो जोडावेत. वारसाहक्काने ठेवण्याचा किंवा संग्रहालयाला देण्याचा अर्ज पुढे करता येतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे दोनपेक्षा अधिक बंदुका राहू शकत नाहीत, हे घरातील इतर शस्त्रांचा हिशेब करताना विसरू नये.

प्रश्न (शहादा) : परवान्याची ठासणीची बंदूक दसऱ्याला पूजेसाठी काढतो. दरवर्षी विटकरीच्या पुडीने घासून नळी लख्ख करतो आणि लाकडाला वॉर्निश देतो. यंदा चाप कमानही बदलून घ्यावी म्हणतो. मोल वाढेल का?

उत्तर : मोल दरवर्षी थोडे थोडे कमी होत आले आहे, असेच म्हणावे लागेल. लोखंडावर काळाने चढलेला एकसारखा तपकिरी थर हा गंज नसून संरक्षण आहे, आणि संग्राहक सर्वांत आधी तोच पाहतो. विटकरीच्या पुडीने तो तर जातोच, पण ठशांच्या कडाही झिजतात, आणि ठसा गेला की वय सांगणारा साक्षीदार गेला. पितळेला चिंच आणि राख लावण्याची घरोघरची सवयही येथे सोडावी. लाल, सुटा, बोटाला लागणारा गंज तेवढा बारीक पोलादी लोकर आणि पातळ तेलाने हळूहळू काढावा, खरवडू नये. लाकडावर वॉर्निशचा नवा थर नको. खानदेशच्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, म्हणून वैशाखाच्या आधी उकळलेल्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. चाप कमान बदलायचीच असेल तर मूळ कमान, स्क्रू आणि निघालेला प्रत्येक तुकडा चिठ्ठी लावून डबीत ठेवावा. जुन्या स्क्रूच्या खाचेत नेमके बसणारे पेचकस नसेल तर ते उघडण्याचा प्रयत्नही करू नये, कारण घसरून चेपलेली खाच पाहूनच जाणकार ग्राहक किंमत पाडायला सुरुवात करतो. पावसाळ्यात बंदूक मातीच्या भिंतीला टेकवून किंवा लोकरीच्या, चामड्याच्या गवसणीत ठेवू नये, कारण गवसणी ओल धरते. तेलाचा हात दिलेल्या सुती कापडात गुंडाळून, नळीचे तोंड किंचित खाली येईल अशी आडवी ठेवावी, म्हणजे तेल निपलकडे उतरून लाकडात मुरत नाही.